किती वॅटचा बल्ब, ते शेवटी सांगतो

हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी भावांनी विचारलं आहे: "माझ्याकडे दोन जर्सी गाई, एक म्हैस, तिची वगार आणि चौदा बकऱ्या आहेत. गोठा टिनाचा, खाली सिमेंटचा कोबा. मागच्या डिसेंबरात तिन्ही बाजूंनी मेणकापड लावून गोठा पक्का बंद केला, दारावर पोत्यांचा पडदा टाकला. तरी बकऱ्यांची पाच पिल्लं गेली आणि वगार महिनाभर ढासत होती. सकाळी गोठा उघडला की सगळ्या जनावरांच्या डोळ्यांतून पाणी. या वर्षी किती वॅटचे बल्ब लावू? की हीटरच घेऊ? आणि गरम म्हणून काय पाजू?"

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात थंडीपेक्षा 'पक्का बंद केला' हे शब्द मला जास्त खटकले. बल्बाचं सांगतो, पण शेवटी. आधी सांगितलं तर बाकीचं न वाचताच तुम्ही सोमवारच्या बाजारातून बल्ब घेऊन याल.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. सुरुवात यवतमाळ जिल्ह्यात, मग वर्धा, आणि शेवटची सात वर्षं गोंदियात देवरीकडे. आता निवृत्त आहे आणि घरच्या गोठ्यात चार गाई, एक म्हैस आणि वीसेक बकऱ्या आहेत. सल्ला चुकला तर नुकसान आता माझंच होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा जपून बोलतो.

आपल्याकडची थंडी आधी नीट ओळखू. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तशी रात्र आयुष्यात एखादी. एरवी डिसेंबर-जानेवारीत रात्री ८ ते १२ अंश आणि दुपारी २७-२८. गोंदियाकडे रात्र आणखी थोडी गार, चिखलदऱ्याला वर गेलं तर त्याहून गार. म्हणजे जनावराला दिवसभर थंडीशी झुंजावं लागत नाही. पहाटे तीन ते सात एवढाच खरा गारठा, आणि दहा वाजेपर्यंत तेच जनावर उन्हात अंग सैल सोडून रवंथ करत बसतं.

आता तुमच्या जर्सीचं. या जातीच्या गाईला साधारण ५ ते २५ अंशांचं हवामान मानवतं. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत तोंड उघडं टाकून धापा टाकणारी तुमची गाय खरी सुखात असते ती याच दिवसांत. अंग कोरडं, पोट भरलेलं आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर नसेल तर ८ अंशांची रात्र तिच्यासाठी काहीच नाही. खरं सांगायचं तर तुमच्या जर्सीला थंडी वाजत नाही, तुम्हाला वाजते. स्वेटर घालून, मफलर गुंडाळून आपण गोठ्यात जातो आणि आपल्या अंगावरून तिचं अनुमान काढतो.

तिची शेगडी तिच्या पोटातच आहे. कडबा, कुटार, तणस असा दांडगा चारा मोठ्या पोटात आंबतो, आणि त्या आंबण्यातून तासन् तास उष्णता निघत राहते. गव्हाणीवर उभ्या असलेल्या गाईच्या डाव्या कुशीला पहाटे हात लावून बघा. ही शेगडी विझू द्यायची नाही आणि तिची ऊब ओल्या अंगातून, ओल्या जमिनीतून, झोताच्या वाऱ्यातून चोरीला जाऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. बाहेरून ऊब पुरवायची गरज फक्त एकाच गिऱ्हाइकाला असते: नुकतं जन्मलेलं पिल्लू. त्याच्याकडे नंतर येतो.

मग तुमच्या गोठ्यात झालं काय? तीन मोठी जनावरं, एक वगार आणि चौदा बकऱ्या एका बंद खोलीत रात्रभर श्वास सोडत होत्या. एक मोठी गाय दिवसाला दहा-पंधरा लिटर तर मुततेच, श्वासातून वाफ जाते ती वेगळी. ही वाफ वर गार टिनाला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे टिनाला घाम सुटतो. तो घाम टपटप जनावरांच्या पाठीवर. खाली कोब्यावर मूत मुरत नाही, तिथेच राहतं, आणि त्यातून अमोनिया सुटतो. सकाळी तुमच्या नाकात जो झणका जातो तोच. श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जंतू झाडूसारखे बाहेर ढकलतात. अमोनियाने तो झाडू बंद पडतो. मग साधे जंतूसुद्धा फुफ्फुसात उतरतात आणि जनावर ढासायला लागतं. डोळ्यांतून पाणी येणं ही त्याचीच पहिली खूण. थंडीने थरथर कापणं होतं, केस उभे राहतात, पाठीची कमान होते. डोळे गळत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली गोष्ट, घाटंजीकडच्या एका गावातली. एक मावशी होत्या, एकट्या राहायच्या, बकऱ्यांवरच संसार. कडाक्याची थंडी पडणार असं रेडिओवर ऐकून मी गावभर सांगत फिरलो की गोठे बंद करा, फट ठेवू नका. मावशींनी माझं जितकं ऐकलं तितकं कोणीच ऐकलं नाही. कुडाच्या भेगासुद्धा शेणामातीने लिंपून घेतल्या. तीन आठवड्यांत अकरापैकी सात पिल्लं गेली. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकाचं शवविच्छेदन केलं, तर फुफ्फुस काळजासारखं घट्ट झालेलं, हवा शिरायला जागाच नाही. शेजारच्या घरी, जिथे मालकाने आळसापोटी फक्त उत्तरेला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, एक ताटी बांधली होती, तिथे एकही पिल्लू दगावलं नाही. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमी सांगतलं तसंच केलं ना मी." त्यानंतर 'फट ठेवू नका' हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तुमच्या गोठ्यात असंच झालं का, हे तुम्हीच तपासू शकता. पहाटे साडेपाचला, गोठा उघडायच्या आधी आत जा आणि पिल्लं जिथे बसतात तिथे खाली मांडी घालून बसा. उभं राहून नाही, कारण वास जमिनीतून उठतो आणि पिल्लाचं नाक जमिनीपासून वीतभरावर असतं. मनात दोनशे मोजा. डोळे चुरचुरले, नाकात झोंबलं, तर गोठा गरजेपेक्षा बंद आहे. मग तिथेच एक अगरबत्ती धरा. धूर आडवा पळाला तर पिल्लाच्या अंगावर झोत येतो आहे. धूर हळूहळू वर जाऊन टिनाखाली फिरत राहिला तर वर बाहेर पडायला वाट नाही. सावकाश वर जाऊन निघून गेला तर काहीच करू नका, तुमचा गोठा ठीक आहे. अगरबत्ती हातातच ठेवा आणि विझवूनच बाहेर या, आजूबाजूला कडबा असतो.

दुरुस्ती फार खर्चाची नाही. खाली बंद, वर मोकळं, हे धोरण. मेणकापड जमिनीपासून चार फुटांपर्यंतच ठेवा, म्हणजे बसलेल्या आणि उभ्या जनावराच्या अंगावर झोत येणार नाही. उत्तरेची बाजू त्याहून वर नेली तरी चालेल, कारण आपल्याकडे थंडीचं वारं तिकडूनच येतं. पण टिनाच्या खाली चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी पाहिजे. टिनाच्या दोन पाखांच्या मध्ये वर फट ठेवता आली तर फारच छान. दक्षिणेची बाजू दिवसा पूर्ण उघडी टाका. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे अर्ध्या आभाळात राहतो, त्यामुळे ऊन गोठ्यात आतपर्यंत येतं आणि जमीन वाळवतं. एवढं चांगलं जंतुनाशक फुकटात मिळत असताना आपण त्याला पडदा लावून बाहेर ठेवतो.

कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, गोठ्यात हा घोळ नव्हता, हे जाता जाता सांगतो. दोन कवेलूंच्या सांध्यांतून वाफ आपोआप निघून जायची आणि खाली घाम टपकायचा नाही. टिन आलं, गळती थांबली आणि त्याबरोबर छताचा श्वासही थांबला. टिनावर किंवा टिनाखाली तुऱ्हाटीचा नाहीतर तणसाचा थर टाकला तर घाम बराच कमी होतो, आणि तोच थर मे महिन्यात कामाला येतो. पऱ्हाटी वापरायची असेल तर तिच्यावरची राहिलेली बोंडं झोडून काढा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते, आणि गोठ्याच्या ताटीवरून ती पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीत जाईल.

यानंतर जमीन, आणि मला विचाराल तर छतापेक्षा जमीन मोठी. कोबा अंगातली ऊब शोषून घेतो. जनावर रात्रीचा अर्धा वेळ बसलेलं असतं, पिल्लू तर जवळपास पूर्ण वेळ. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, पण ती खालून जास्त लागते. म्हणून कोब्यावर किमान चार-सहा बोटांचा कोरडा थर हवा. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार असेल, ते चालतं. तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार खायला ठेवा, ते अंथरायला फार महाग. भंडारा-गोंदियाकडे तणस भरपूर. जंगलाजवळ राहणाऱ्यांनी सागाचा वाळलेला पाला आणावा, आरा मशीनवरचा भुसाही बरा. बुरशी लागलेलं, काळं पडलेलं काही टाकू नका, त्याची धूळ अमोनियाइतकीच वाईट. मोठ्या जनावरांना एवढा जाड थर रोज परवडत नाही, हे मला माहीत आहे. तिथे मूत वाहून जाईल असा उतार आणि नाली असली, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा शेण उचललं, तरी काम भागतं.

थर पुरेसा आहे की नाही, हे बघायच्या माझ्या दोन साध्या रीती आहेत. वगार किंवा पिल्लू बसलं की त्याचे पाय दिसतात का बघा. पाय कुटारात बुडालेले असतील तर घरटं झालं, पूर्ण उघडे दिसत असतील तर थर कमी. दुसरं, स्वतः गुडघे टेकून वीस-पंचवीस मोजेपर्यंत बसा. पायजमा ओला झाला तर पिल्लूही ओल्यावरच झोपतं आहे. वरून नुसता कोरडा दिसणारा थर फसवतो. चुना मारायची अनेकांना सवय असते. मोकळ्या जमिनीवर मारून वाळू द्या, हरकत नाही, पण पिल्लं बसतात तिथे ओल्यावर टाकू नका, पोटाची कातडी भाजते.

आता पिल्लं. इथे एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: गेलेली पाच पिल्लं किती दिवसांची होती? पहिल्या तीन दिवसांत गेली असतील तर गारठा आणि उपासमार हे कारण धरा. दोन-तीन आठवड्यांची होऊन, ढासून, नाक गळून गेली असतील तर कोंडलेली हवा. हगवण लागून गेली असतील तर मामला वेगळाच, ओली घाणेरडी जागा आणि पोटातले जंतू, त्याला बल्बही नको आणि मेणकापडही नको. पीपीआरची, म्हणजे बकऱ्यांच्या प्लेगची, लस झाली नसेल तर तीही शंका डोक्यात ठेवा. तिन्हींवर उपाय निरनिराळा, म्हणून पुढच्या वेळी भिंतीवर कोळशाने का होईना, जन्माची आणि मरणाची तारीख लिहून ठेवा.

पहिल्या तीन दिवसांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण विदर्भातल्या थंडीने खरंच मारलेली जनावरं मी पाहिली ती बहुतेक याच वयाची. पिल्लू आईच्या पोटातल्या ३९ अंशांतून एकदम ९ अंशांत येतं, तेही नखशिखांत ओलं. दीड-दोन किलोचा जीव. अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. जन्मताना त्याच्या अंगात थोडी खास चरबी असते, ती जाळून ते काही तास तग धरतं. त्या काही तासांत चीक पोटात गेला तर पिल्लू वाचतं, नाही गेला तर सकाळी कोपऱ्यात ताठ झालेलं सापडतं आणि आपण म्हणतो, थंडीने गेलं. खरं तर ते उपाशी आणि ओलं होतं म्हणून थंडीने गेलं.

तेव्हा पिल्लू पडलं की पहिलं काम कोरड्या बारदान्याने खसखसून पुसणं. आई चाटत असेल तर तिला चाटू द्या, तुम्ही मागची बाजू पुसा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. सडातली पहिली धार पिळून टाका, म्हणजे सड मोकळा झाला का ते कळतं, आणि तासाभरात पिल्लाला तोंडाला लावा. कित्येक बायाबापड्या झार (वार) पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ती वाट पाहू नका, बकरीची झार पडायला कधी कधी बरेच तास जातात. पहिल्या २४ तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तरी चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या पिल्लाला पावशेरापेक्षा थोडा कमी, चार-पाच वेळांत विभागून. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर.

रात्री-बेरात्री पिल्लू मलूल दिसलं तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गरम असेल तर भूक आहे, पाजा. तोंड गार असेल तर थांबा. गार पडलेल्या पिल्लाला गिळता येत नाही, बाटलीचं दूध फुफ्फुसात जातं. थर्मामीटर असेल तर बघा, बकरीच्या पिल्लाचं अंग १०२ ते १०४ फॅरनहाइट असतं, १०० च्या खाली म्हणजे गारठलं. अशा पिल्लाला आधी ऊब, मग दूध. डोकं बाहेर ठेवून अंग प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या घमेल्यात धरा, म्हणजे ते भिजतही नाही. चूल पेटलेली असेल तर मांडीवर घेऊन चुलीजवळ बसलात तरी चालतं. तोंड गरम झालं, ते चोखायला लागलं की चीक. पण पिल्लू जन्मून पाच-सहा तास झालेत, काहीच प्यायलं नाही आणि मान टाकली आहे, अशा वेळी नुसतं शेकू नका. रक्तातली साखर संपलेली असते, शेकल्यावर झटके येऊन जाऊ शकतं. तिथे डॉक्टरांकडून ग्लुकोजच लागतं. १९६२ वर फोन लावून फिरतं पथक मिळतं का बघा, नाहीतर दवाखाना गाठा.

रात्रीची सोय म्हणाल तर आपलं जुनं बांबूचं डालं मला कुठल्याही हीटरपेक्षा आवडतं. शेणाने सारवलेलं डालं, खाली वीतभर तणस किंवा कुटार, आत सहा-सात पिल्लं, वरून अर्ध्या भागावर पोतं. छोट्या जागेत ती एकमेकांच्या अंगानेच गरम राहतात. वरचा अर्धा भाग उघडा ठेवायचा, कारण वर सांगितलं तेच. पिल्लं घरात आणून चुलीजवळ झोपवायची आणि सकाळी बाहेर गारठ्यात सोडायची, हे एखाद्या रात्रीपुरतं ठीक. रोज केलं तर उबेतून गारठ्यात जाण्याची घसरणच जास्त बाधते, आणि आई ओळख विसरते ते वेगळं.

म्हशीबद्दल थोडं. म्हशीच्या अंगावर केस विरळ, त्यामुळे गाईपेक्षा तिला आणि विशेषतः वगारीला गारठा लवकर लागतो. मग ती आपली नागपुरी असो की बाहेरून आणलेली मुऱ्हा. सकाळी म्हैस धुवायची सवय या दोन महिन्यांत सोडा, बाराच्या उन्हात धुवा. दूध काढण्यापूर्वी कास धुतली की कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर ओल्या सडांना वारं लागून भेगा पडतात, मग म्हैस लाथ मारते आणि आपण तिला खोडकर म्हणतो. वगारीला झूल घालायला हरकत नाही. दोन बारदाने उसवून जोडा, खताच्या प्लास्टिकच्या गोण्या नको, त्यात आतून घाम धरतो. सकाळी ऊन चढलं की झूल काढा आणि वाळत घाला, ओली झूल नसलेल्या झुलीपेक्षा वाईट. वगारीऐवजी नर वासरू असेल तर झुलीचा पोटाखालचा बंद मुताने भिजतो, तो पुढे, छातीकडे बांधा.

खाण्यापिण्यात फार काही करायचं नाही, फक्त वेळ बदलायची. हिरवं दिवसा द्या आणि कडबा-कुटाराचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा, म्हणजे पोटातली शेगडी पहाटेच्या गारठ्यात पेटलेली असेल. दुभत्या जनावराला सरकीची ढेप अर्धा किलो वाढवलीत तर ती दुधातही दिसेल. हाडं वर आलेल्या म्हाताऱ्या बैलाला आणि गाभण बकरीला मात्र खरंच जास्त लागतं, अंगावर मांस नसलं की थंडी आत शिरते. पाण्याचं म्हणाल तर तापवत बसू नका. विहिरीचं, बोरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं हे आपल्याला माहीत आहे, जमिनीखाली ते वर्षभर जवळपास तेवढंच असतं. रात्री भरून ठेवलेलं टाकं पहाटे बर्फासारखं होतं. पंपाची थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्री येते म्हणून टाकं रात्रीच भरून ठेवायची आपली पद्धत, पण जनावरापुरत्या दोन बादल्या सकाळी ताज्या काढल्या तर म्हैस पोटभर पिते. पाणी कमी प्यायली की चारा कमी खाते, आणि शेगडी मंदावते.

'गरम काय पाजू' याला माझं उत्तर: काही पाजू नका. गुळाचा खडा हातावर खाऊ घाला, मुठीएवढा, बस्स. बांबूच्या नळकांड्याने काढा, तेल, अजवायनचं पाणी पाजताना मान वर ओढली की थोडं हमखास श्वासनळीत जातं. थंडीत न्यूमोनिया झाला म्हणून माझ्याकडे आणलेल्या जनावरांपैकी कित्येकांचा न्यूमोनिया हा काढ्याचाच होता. देवरीकडे मोहाची दारू पाजायचे. तिने कातडीकडे रक्त धावतं, जनावर वरून गरम लागतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. जो पाजतो त्याचंही तेच होतं, पण तो निदान घोंगडीत झोपतो.

एक उपाय असा आहे ज्याला एक पैसा लागत नाही, पण तो आता नाही, पावसाळ्यात करायचा. बकरी पाच महिन्यांनी विते. १५ जुलै ते १५ ऑगस्ट बोकड वेगळा बांधलात तर १५ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या कडाक्यात पिल्लं पडणारच नाहीत. पावसाळ्यात हिरवं खाऊन बकऱ्या माजावर येतात, बोकड कळपातच असतो आणि ऐन थंडीत वीण येते. ज्याला ईदच्या बाजाराचा हिशेब जमवायचा आहे त्याने आपलं गणित पाहावं, पण मी गेली पाच वर्षं बोकड बांधतो आहे आणि जानेवारीत मला झोप मिळते.

अवकाळी पावसाचा मात्र अपवाद. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवत असेल. भिजलेल्या अंगाला केसांचं पांघरूण राहत नाही, वरून वारं सुटलं तर १५ अंशांतही धडधाकट बकरी कापायला लागते. आभाळ आलं की कळप लवकर आणा आणि भिजलाच तर आधी पुसा, मग चारा टाका. गोठा बंद करायची घाई तेव्हाही नको.

आता बल्ब. मोठ्या जनावरांना नको. हीटर तर नकोच, कुटार आणि तापलेली तार एका छताखाली ठेवणं मला मान्य नाही, आणि शेगडी-गोवऱ्या बंद गोठ्यात ठेवणं त्याहून धोक्याचं, धुरात माणूससुद्धा उठत नाही. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांसाठी एकच बल्ब लावा, शंभर ते दीडशे वॅटचा, जुना तारेचा. कोपऱ्यात, पिल्लांच्या पाठीपासून दोन-अडीच फूट वर, वायरवर न लोंबकळवता साखळीने टांगा आणि भोवती जाळी लावा. बकरी शिंगाने काय काय करते ते तुम्हाला माहीत आहे. डाल्याच्या किंवा खोक्याच्या अर्ध्याच भागावर ऊब पडू द्या, म्हणजे पिल्लाला हवं तर ते जवळ येईल, नको तर सरकेल. सगळी बल्बाखाली एकमेकांवर चढून बसली तर बल्ब खाली घ्या, सगळी लांबच्या टोकाला पसरली तर वर घ्या. आठ-दहा दिवसांनी काढून टाका.

आणि एलईडी नको. देवरीकडे एकाने डाल्यावर नऊ वॅटचा एलईडी टांगून आठ दिवस वाट पाहिली, मग मला म्हणाला, "साहेब, उजेड तं लय पडते, पण पिल्लं काही गरम होऊन नाही राह्यले."